अण्णाचा गॅमा

आमच्या बिदरात एक काळ असा होता की लोक फोटोच्या दुकानाची पायरी चढता चढताच सांगायचे, जरा गॅमा मारा. भाजीत मीठ टाका म्हणावं इतक्या सहज. स्थळासाठी पोरीचा फोटो काढायला आलेली आई माझ्या कानाशी लागून म्हणायची, हिला दोन गॅमा मारा. लग्नाचा अल्बम न्यायला आलेला नवरदेव म्हणायचा, मला नको, हिलाच मारा, आणि नवरी त्याच्याकडं अशी बघायची की पुढचा संसार मला तिथंच दिसायचा. हा शब्द कुठला, त्याचा अर्थ काय, हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. गॅमा म्हणजे गोरं करणं, असं आमच्या चार गल्ल्यांत ठरून गेलं होतं. ते ठरवण्यात माझाही हात होता, कारण त्या दुकानातल्या कॉम्प्युटरपुढं बसणारी मीच होते.

दुकान खाजाभाईंचं. बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला, एका अंगाला सायकलवाला आणि दुसऱ्या अंगाला सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला आणि दुपारी भजी विकणारा गाडा. खाजाभाईंचं अर्धं आयुष्य लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुण्यात गेलेलं. त्यांच्या बोटांना कायम आंबूस वास यायचा. हैदराबादेहून कुणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर त्यांनी आणला खरा, पण त्याच्यापुढं ते कधी बसले नाहीत. मला म्हणाले, "मेरे हाथ को पानी की आदत है बेटी, ये सूखा काम तू कर." बारावीनंतर मी कॉम्प्युटरचा एक कोर्स केलेला होता, तेवढ्या भांडवलावर मला काम मिळालं. कमठाण्याहून सकाळच्या बसनं यायचं, संध्याकाळच्या बसनं जायचं. आमच्या घरात चपला घालून बाहेर कामाला जाणारी मी पहिली बाई, त्यामुळं भावकीचं माझ्या चपलांकडं फार लक्ष असायचं.

कॉम्प्युटर आला म्हटल्यावर तो लोकांना दिसला पाहिजे, म्हणून खाजाभाईंनी तो अगदी दारात मांडला. तिथंच सगळं चुकलं. दुपारचं ऊन थेट काचेवर यायचं, पडद्यावरचं काही दिसायचं नाही, म्हणून उजेडाचं बटण आम्ही शेवटपर्यंत पिळून ठेवलं होतं. मग व्हायचं असं, की पडद्यावर बरा दिसलेला माणूस कागदावर काळवंडून यायचा. गिऱ्हाईक कुरकुरायचं. कॉम्प्युटर आत सरकवावा हे आम्हाला सुचलं नाही असं नाही. पण मग तो दिसला कुणाला असता? त्यापेक्षा सोपा रस्ता आम्ही काढला. प्रत्येक चेहऱ्याला आपल्याला वाटतं त्याहून एक हात जास्त द्यायचा. पुढं त्याची इतकी सवय झाली की लोक गोरेच येऊ लागले, लोकांना ते आवडू लागलं, आणि दुकान चाललं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं म्हणतात. आमचं जग पदरचं भाडं भरून फसायला यायचं.

गॅमाचा खरा अर्थ मला कॉम्प्युटर बसवायला आलेल्या माणसानं सांगितला होता. तो मला तेव्हा अर्धा कळला, उरलेला पुढं काम करता करता कळला. कॉम्प्युटर पडद्याला उजेडाचा हुकूम देतो, पण पडदा तो हुकूम जसाच्या तसा पाळत नाही. अर्धा उजेड दे म्हटलं तर अर्ध्याहून पुष्कळ कमी देतो. आमच्या घरच्या जुन्या पंख्याचं बटण असंच होतं. एकवर, दोनवर पातं नुसतं कुरकुरायचं आणि मग पुढं एकदम भर्रकन सुटायचं. बंद म्हणजे बंद आणि पूर्ण म्हणजे पूर्ण, खोट काय ती मधल्या आकड्यांत. म्हणून चित्र पाठवतानाच मधले उजेड जरा वर उचलून पाठवायचे, म्हणजे पडद्यानं खाल्ले तरी डोळ्यापर्यंत बरोबर पोचतात. ते मधलं किती वाकवायचं, त्याचं माप म्हणजे गॅमा. त्यानं पूर्ण काळं काळंच राहतं, पूर्ण पांढरं पांढरंच राहतं. हलतं ते मधलं. आणि माणसाचा चेहरा, गोऱ्याचा असो की काळ्याचा, सगळा मधल्यातच असतो.

परवा माझ्या मावसबहिणीच्या पोरीनं मला तिच्या फोनवर माझाच फोटो दाखवला. सुरकुत्या गेलेल्या, गाल तुकतुकीत. म्हणाली, मावशी, काही करावं लागत नाही, तो आपोआपच करतो. मी म्हटलं, आम्हाला ते हातानं करावं लागायचं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, आणि वाटावं तरी का?

तेव्हा घरात आम्ही चौघं होतो. अप्पा, माय, अण्णा आणि मी. आमची माणसं पूर्वी मेंढरामागं फिरणारी. अप्पांच्या वडलांनी कमठाण्यात थोडं रान धरलं आणि तिथंच टेकले. माझ्या लहानपणी दावणीला चार-पाच मेंढ्या उरल्या होत्या, त्याही अप्पांच्या हौसेखातर. घरासमोर लाल माती, इतकी लाल की दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत गेरूत बुडवल्यासारखं व्हायचं. मला जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजानं. मायचा हात जड होता. तिची थाप शेजारच्या कन्नड बोलणाऱ्या अक्कांच्या घरात ऐकू जायची आणि त्यांच्यात पोरांना उठवायला तीच वेळ धरायचे. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, आंबाडीची आंबट भाजी, आणि बरा दिवस असला तर वर कच्च्या तेलाची धार. माय बोलायची कमी. तिला काय म्हणायचं ते ती ताटात वाढायची. रागावली असली की चटणी जास्त पडायची.

अण्णा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा. नाव मारुती, पण मी अण्णाच म्हणायची. भाड्याचा टेंपो चालवायचा; तूर, उडीद, कांदा, जे मिळेल ते घेऊन हुमनाबाद, आळंद, गुलबर्गा असं फिरायचा. गुलबर्ग्याला आता कलबुर्गी म्हणतात, माझ्या तोंडात मात्र जुनंच बसलंय. रंगानं तो काळा. मीही काळीच, आम्ही दोघं एकाच तव्यावरची. पण माझ्या काळेपणाची घरात काळजी होती आणि त्याच्या काळेपणाची चेष्टा. चेष्टा करण्यात पुढं तोच. कुणी कॅमेरा काढला की म्हणायचा, माझा फोटू कामून काढायलास बाबा, तुझी फिलम काळी पडंल. असं म्हणून मागं सरकायचा. आता वाटतं, हसत हसत मागं सरकणारी माणसं खरोखरच मागं सरकत असतात. तेव्हा आम्ही नुसते हसायचो.

एकदा तो गावात माल टाकून दुकानात आला, गाड्यावरची भजी कागदात बांधून. मी कुणा पोरीच्या चेहऱ्यावर काम करत होते. हे काय करायलीस म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा मी माझी सगळी अक्कल पाजळून त्याला गॅमा समजावला, काळं तसंच राहतं, पांढरं तसंच राहतं, मधलं तेवढं हलतं. त्यानं भजं चावता चावता नीट ऐकून घेतलं.

"मंजे धनी बी हलंना, भिकारी बी हलंना," तो म्हणाला. "मधल्यालाच वढायचं म्हन की, भागे."

खाजाभाई आतल्या खोलीत खोकत खोकत हसले. मी त्याला म्हटलं, बस, तुझा एक काढते. त्यानं हात पुसले, केस सारखे केले, स्टुलावर बसला, आणि मी कॅमेरा उचलायच्या आत उठून गेला, कारण रस्त्यात उभ्या टेंपोमागं कुणी तरी हॉर्न वाजवत होतं.

अण्णा गेला तो दिवस मला नीट आठवत नाही. जे आठवतं ते बिनकामाचं आहे. हुमनाबादच्या अलीकडं वळणावर टेंपो उलटला, असा फोन दुकानात आला. खाजाभाईंनी घेतला, ठेवला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं. मग ते माझ्याबरोबर बसमध्ये बसले. बसमध्ये एक बाई काकड्या विकत होती. मी एक घेतली, तिनं चिरून मीठ लावून दिली, आणि मी ती सगळी खाल्ली. भाऊ मेलाय हे ठाऊक असताना. काकडी कडू नव्हती हेसुद्धा मला आठवतं. मला काही झालं नव्हतं. कान बंद झाल्यासारखं होतं, एवढंच. पुढं पुष्कळ दिवस ते तसंच राहिलं.

त्याला आणलं ते पांढऱ्या कापडात गुंडाळून, वरपासून खालपर्यंत बांधून. तोंडसुद्धा बांधलेलं. दवाखान्यातच पुरुष माणसांनी ठरवलं होतं की तोंड बायकांना दाखवायचं नाही. माय समोर आली आणि म्हणाली, "तोंड दावा." माझे चुलते, धोंडिबाकाका, पुढं झाले. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, "वैनी, नगं. हाय तसाच ध्यानात ऱ्हाऊ द्या." तिनं परत विचारलं नाही. अप्पा खांबाला टेकून उभे होते, ते खांबासारखेच उभे राहिले. मातीला नेलं तेव्हा माय उंबऱ्यात बसून होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

त्यानंतर ती रडलीच नाही. आमच्यात सुतकात घरची चूल पेटत नाही, भावकी जेवण आणते. मायनं पहाटे नेहमीच्या वेळेला काटवट घेतली, पीठ मळलं, आणि विझलेल्या चुलीसमोर बसून भाकऱ्या थापल्या. कच्च्या भाकऱ्यांची चळत लावली, हात धुतले आणि भिंतीला टेकून बसली. काकूनं मुकाट्यानं त्या आपल्या घरी नेऊन भाजल्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. शेजारच्या अक्का येऊन तिच्या गळ्यात पडून रडायच्या, तिला रडू यावं म्हणून अण्णाच्या लहानपणच्या गोष्टी काढायच्या. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, जसं काही दुःख त्यांच्या घरचं आहे. जाणत्या बायका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणायच्या, पोरी, हिला रडव काही करून, न्हाईतर डोकं फिरतंय बाईचं. कमठाण्यात अशी एक होऊन गेली होती, लेक गेल्यावर न रडलेली. ती पुढं रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंड दाखव म्हणायची. ते ऐकून मला पहिल्यांदा काही तरी वाटलं. ती भीती होती. अण्णा गेला तो गेला, आता माय जाते की काय अशी भीती.

तिला त्याचं तोंड पाहायचं होतं, एवढं मला कळत होतं. तेराव्याला फोटो मांडू, असं मी म्हटलं तर काकांनी मान हलवली. म्हणाले, आपल्यात फोटो नसतो, वर्षानं टाक करून देवात बसवायचा. देवघरात आमच्या वाडवडलांचे चांदीचे टाक होते, नखाएवढे, प्रत्येकावर घोड्यावर बसलेला माणूस. आमच्यात कुणी जन्मात घोड्यावर बसलं नव्हतं. तेव्हा कोपऱ्यातून माय बोलली. कित्येक दिवसांत तिनं स्वतःहून तोंड उघडलं ते तेव्हा. "टाकाला तोंड नसतंय," ती म्हणाली. "समद्यांचा टाक येकच."

आणि अण्णाचा फोटो नव्हता. शाळेतला एक होता तो वाळवीनं खाल्लेला. लायसनवरचा त्याच्याबरोबर गेला. शोधता शोधता खाजाभाईंना आठवलं, कडगंचीला माझ्या मावसबहिणीचं लग्न त्यांनीच काढलं होतं. त्यांनी निगेटिव्हच्या सगळ्या पट्ट्या उजेडाला धरून पाहिल्या आणि एका फोटोत तो सापडला. पुढं नवरा-नवरी, फ्लॅशच्या उजेडात लख्ख. आणि त्यांच्या मागं मांडवाच्या तोंडाशी, हातात वरणाची बादली घेऊन, अण्णा. पंगतीत वाढता वाढता थबकलेला. त्याच्या पाठीमागं बाहेरचं ऊन. फ्लॅश त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. बादली दिसत होती, खांदे दिसत होते, आणि तोंडाच्या जागी काळोख.

मी तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला, नवरा-नवरी बाजूला काढली आणि गॅमा उचलायला लागले. आयुष्यात इतके चेहरे मी उजळले होते, पण हे असं कधी पाहिलं नव्हतं. काळोखातून आधी कपाळाचा उंचवटा आला. मग नाक, मग गालाचं हाड, मग डोळे. तो माझ्याकडं बघत नव्हता, कुणाला तरी पंगतीत वरण हवंय तिकडं बघत होता. मी बटण सरकवत राहिले, तो वर येत राहिला. मग त्याच्या गालावर रवाळ दाणे दिसायला लागले आणि रंग राखेसारखा झाला, तेव्हा मी थांबले आणि जरा मागं आले. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. आणि मला कळेना की थांबायचं कुठं. त्या काळोखात थोडा काळोख मांडवाचा होता आणि थोडा अण्णाचा स्वतःचा. मांडवाचा काढून टाकायचा होता, त्याचा ठेवायचा होता. कुठला कुणाचा, ते सांगायला कुणी नव्हतं. मी माझा हात काचेला लावून त्याच्या गालाशी ताडून पाहिला, काच चटचट करून हातावरचे केस ओढायला लागली, पण त्या उजेडापुढं माझा हातच कोळशासारखा दिसायला लागला. मला आठवून बघायचं होतं तो किती काळा होता. आठवेना. रोज सकाळी माझ्याशेजारी बसून भाकरी खाणारा माणूस, आणि मला त्याचा रंग आठवेना. मला याचं दुःख झालं असं मी म्हणणार नाही. मी फक्त बघत बसले. मग हातानं सवयीनं जे करायचं ते केलं, एक हात जास्त दिला आणि छापलं.

फोटो घरी नेला तर सगळ्यांना आवडला. काकू म्हणाली, काय झ्याक आलाय. काका, जे फोटो नको म्हणत होते, तेच म्हणाले चौकट करून घेऊ. गोरा, गुळगुळीत, राखेच्या रंगावर मी थोडी लाली चढवलेली. मायनं पिठाचे हात पुसले, फोटो घेतला, दारातल्या उजेडात नेऊन पाहिला. मग परत आली आणि तो पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला.

"ह्यो कोन हाय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, माय, अण्णा हाय की.

"त्येंनी मला तोंड दावलं न्हाई," ती म्हणाली, आवाज न चढवता, "आन् तू दुसऱ्याचं तोंड दावायलीस व्हय?"

ती परत काटवटीकडं गेली. मी पालथ्या फोटोकडं बघत उभी राहिले. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

सकाळी मी निघाले तर माय दारात उभी. डोक्यावर पदर, पायात अप्पांच्या चपला. मी बी येते, म्हणाली. सुतकातली बाई तेराव्याच्या आधी गावाची शीव ओलांडत नाही; माझ्याकडं भावकीनं कामाची पोर म्हणून काणाडोळा केला होता, मायचं तसं नव्हतं. काका धावत आले, भावकीतल्या दोन-चार बायका आल्या, लोक काय म्हणतील ते सगळं तिला सांगून झालं. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. तेव्हा अप्पा, जे अण्णा गेल्यापासून बोललेच नव्हते, मेंढ्यांच्या पलीकडून म्हणाले, "जाऊ द्या तिला." काका बाजूला झाले. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि येणाऱ्या प्रत्येक टेंपोकडं पाहत राहिली. मी तिच्या शेजारी बसले होते, पण ती एकटी होती आणि मीही.

खाजाभाईंनी तिला पाहिलं, उठून उभे राहिले. गाड्यावरून चहा मागवला. तिनं घेतला नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उजाले में नक्को देख. उजाला बीच में आता." त्यांनी अंधाऱ्या खोलीचा जुना काळा पडदा काढून आणला आणि दारावर लावला, मग वाकून कॉम्प्युटरचं पिळून ठेवलेलं बटण मागं घेतलं. इतकी वर्षं आम्ही जे केलं नव्हतं ते त्यांनी एका मिनिटात केलं. माय गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. मी फोटो उघडला. पडद्यावर तो गोरा अण्णा आला आणि मला पहिल्यांदा त्याची लाज वाटली.

"हे सरकंतंय?" मायनं विचारलं.

मी म्हटलं, सरकंतंय. सांग तू.

"उतर," ती म्हणाली.

मी गॅमा खाली घेत गेले. लाली काढून टाकली. गाल सावळे झाले. उतर, म्हणाली. गालाचं हाड मऊ झालं, नाकाची एक बाजू अंधारात गेली. मला वाटलं आता थांबेल. मी असते तर तिथं थांबले असते. ती म्हणाली, अजून उतर. कपाळ काळवंडलं, ओठ आणि मिशी एक व्हायला लागले. खाजाभाई माझ्या खुर्चीमागं उभे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी मायकडं पाहिलं. ती पापणी न हलवता बघत होती, लांबून येणाऱ्या माणसाची चाल ओळखावी तशी.

"थांब," ती म्हणाली. मग, "उलीसं वर घे. हां. बास."

मी हात काढला. पडद्यावर माझा भाऊ होता. मला वाटत होतं त्याहून तो कितीतरी काळा होता. मरून पंधरवडाही झाला नव्हता आणि मी मनात त्याला उजळ करून टाकलं होतं, गिऱ्हाइकासारखं.

माय स्टूल सरकवून पुढं आली. पदराचं टोक तोंडात ओलं केलं आणि काचेवरून, त्याच्या कपाळावरून फिरवलं. काच चटचट वाजली. तिचं बोट त्याच्या गालाच्या वरच्या बाजूला थांबलं.

"हे काढणीचं ऊन हाय," ती म्हणाली. "लग्नाच्या आधी टेंपो हुबा करून ज्वारीच्या रानात हुता. घरी बसला की निवळायचा त्यो." मग बोट त्याच्या ओठांशी आणून म्हणाली, "मला वाटलं हुतं लग्नात त्या दिशी जेवला न्हाई. पर जेवलाय. जेवल्यावरच असा दिसायचा."

खाजाभाईंनी मला खूण केली. मी छापायला टाकलं. आमचा प्रिंटर म्हातारा, एकेक ओळ किरकिरत टाकायचा. माय उठून त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. आधी केस आले. मग कपाळ, मग भुवया. डोळे येताना प्रिंटर नेहमीसारखा अडकला, मी उठणार तेवढ्यात पुन्हा चालला. नाक आलं, मिशी आली, हनुवटी आली. शाई ओली हाय, हात लावू नको, मी म्हटलं. तिनं दोन्ही तळहात खाली धरले आणि कागद त्यांच्यावर येऊ दिला.

"दिसला," ती म्हणाली.

मग ती खाली बसली आणि तिनं जो आवाज काढला तो मी आयुष्यात परत ऐकलेला नाही. सायकलवाला धावत आला, खाजाभाईंनी पडदा बाजूला करून त्याला हातानंच परत पाठवलं आणि स्वतःही त्याच्याबरोबर बाहेर गेले. माय किती वेळ रडत होती मला सांगता येणार नाही. फोटो तिनं मांडीवर उताणा ठेवला होता आणि त्याच्यावर पाणी पडू नये म्हणून तोंड एका बाजूला धरून ती रडत होती. मी खुर्चीवर बसून ते बघत होते. ती रडतेय, आता तिचं डोकं फिरणार नाही, हे मला समजत होतं. तरी माझे कान बंदच होते.

हळूहळू ती थांबली. पदरानं नाक पुसलं. मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. अण्णा गेल्यापासून तिनं माझ्याकडं पाहिलेलं ते पहिलं. बराच वेळ ती पाहत राहिली, मघाशी पडद्याकडं बघत होती तशीच.

"भागे," ती म्हणाली, "तुझं तोंड कामून असं झालंय गं? जेवायलीस का न्हाई?"

तेव्हा मला रडू आलं.